ताळेबंदाचा पुरावा कोणी मागायचा?

२१ नोव्हेंबर २०२५ रोजी केंद्र सरकारने चारही कामगार संहिता अंमलात आणल्या. त्यांवर झालेली टीका बहुतांशी रास्तच आहे. तीनशेपेक्षा कमी कामगार असलेल्या कारखान्यांना परवानगीवाचून कामगारकपातीची मिळालेली मुभा, मुदतबंद नोकरीला दिलेली कायद्याची मान्यता, संपापूर्वीच्या नोटिशीचे वाढवलेले बंधन, या गोष्टींविषयी सभांतून व पत्रकांतून पुष्कळ बोलले गेले. वेतन संहितेच्या ४७ व्या कलमाकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. बोनसचा तंटा लवादापुढे गेला आणि कंपनीने हिशेबतपासनिसाने तपासलेला ताळेबंद व नफातोटा पत्रक पुढे ठेवले, तर त्यांतील आकडे अचूक आहेत असे लवादाला गृहीत धरता येते. ते आकडे शपथपत्राने वा अन्य मार्गाने सिद्ध करण्याची कंपनीला गरज राहत नाही, असे हे कलम सांगते. कामगार संघटनेने एखाद्या बाबीचा खुलासा मागितला आणि तो आवश्यक आहे असे लवादाला वाटले, तरच कंपनीला खुलासा करावा लागतो.

हे कलम नवे नाही. १९६५ च्या बोनस कायद्याच्या कलम २३ मधून ते जवळजवळ जसेच्या तसे उचललेले आहे. साठ वर्षे ते कायद्याच्या पुस्तकात आहे, म्हणूनच ते कोणाला खटकत नाही. पण ते पुस्तकात शिरले कसे, हा प्रश्न विचारला की कंपन्यांच्या जाहीर हिशेबांचा सारा इतिहास उलगडू लागतो. कंपनीने आपले हिशेब जगापुढे मांडावेत ही कल्पना हळूहळू मान्य होत गेली. त्या हिशेबांवर शंका घेण्याचा अधिकार मात्र फार मोजक्यांना मिळाला, आणि कामगाराला तो मिळाला तेव्हा पाचसहा वर्षांच्या आत काढून घेण्यात आला.

या इतिहासाची सुरुवात इंग्लंडातली. भागभांडवल गोळा करून रातोरात पळ काढणाऱ्या बनावट कंपन्यांचा सुळसुळाट झाल्यावर ब्रिटिश पार्लमेंटने चौकशी समिती नेमली आणि ग्लॅडस्टन व्यापार मंडळाचा अध्यक्ष असताना १८४४ चा कायदा झाला. नोंदणी झालेल्या कंपनीने संपूर्ण व प्रामाणिक ताळेबंद भागधारकांपुढे ठेवावा, तो तपासनिसांकडून तपासून घ्यावा आणि निबंधकाकडे दाखल करावा, असे त्यात सांगितले होते. ताळेबंदाचा नमुना मात्र दिलेला नव्हता. पुढे १८५५ मध्ये भागधारकांची जबाबदारी मर्यादित करण्यात आली. म्हणजे कंपनी बुडाली तर भागधारकाचे फक्त भागाचे पैसे जाणार, बाकीचा तोटा धनको, पुरवठादार आणि मजूर यांनी सोसायचा. ज्या क्षणी ही सवलत मिळाली त्या क्षणी हिशेब अधिक उघडे व्हायला हवे होते. घडले ते उलटेच! १८५६ च्या कायद्याने हिशेबाची व तपासणीची सक्ती उठवली आणि ती बाब कंपनीच्या नमुना नियमावलीत, म्हणजे ऐच्छिक, करून टाकली. व्यापार हा खाजगी व्यवहार आहे, त्यात सरकारने डोकावू नये, हे त्या काळचे तत्त्वज्ञान होते.

ही सक्ती परत यायला चव्वेचाळीस वर्षे लागली. दरम्यान १८७८ मध्ये सिटी ऑफ ग्लासगो बँक बुडाली, तेव्हा पुढच्याच वर्षी बँकांपुरती तपासणी सक्तीची झाली. सर्व कंपन्यांना ती १९०० मध्ये लागू झाली. ताळेबंद सार्वजनिक दप्तरात दाखल करण्याची सक्ती १९०७ मध्ये आली, पण त्याच कायद्याने 'खाजगी कंपनी' नावाचा वेगळा वर्ग निर्माण करून त्याला या सक्तीतून वगळले. दार उघडायचे आणि शेजारी एक चोरवाट ठेवायची, ही कंपनी कायद्याची जुनी खोड आहे.

जे ताळेबंद प्रसिद्ध होत होते त्यांची लायकी काय होती हे १९३१ साली लंडनच्या ओल्ड बेली न्यायालयात दिसून आले. रॉयल मेल स्टीम पॅकेट ही त्या काळची प्रचंड जहाज कंपनी आणि लॉर्ड किलसँट तिचा अध्यक्ष. पहिल्या महायुद्धात मिळवलेल्या नफ्यातून करांसाठी म्हणून बाजूला काढलेल्या रकमा कंपनीकडे शिल्लक होत्या. धंद्यात खोट येऊ लागल्यावर त्या गुप्त राखीव निधीतून दरसाल रक्कम काढायची, ती नफ्यात मिसळायची आणि भागधारकांना लाभांश वाटायचा, असा क्रम १९२० नंतर अनेक वर्षे चालला. नफातोटा पत्रकात त्याची खूण एवढीच, की नफ्याच्या आकड्यापुढे करविषयक राखीव निधीचे समायोजन धरून, अशा अर्थाचे चार शब्द होते. ते शब्द तपासनिसाच्या सूचनेवरून घातलेले होते. खटला झाला तेव्हा नामांकित हिशेबतज्ज्ञ साक्षीला आले आणि गुप्त राखीव निधी ठेवणे ही चांगल्या कंपन्यांची रूढच आहे असे त्यांनी सांगितले. खोट्या वार्षिक हिशेबांच्या आरोपातून किलसँट आणि तपासनीस दोघेही सुटले. किलसँटला बारा महिन्यांची शिक्षा झाली ती १९२८ साली कर्जरोख्यांसाठी काढलेल्या माहितीपत्रकाबद्दल. नवे पैसे घेताना फसवले तो गुन्हा ठरला. वर्षानुवर्षे तोटा झाकून ठेवला तो ठरला नाही. गुप्त निधीला आळा बसला तो १९४७-४८ च्या कायद्याने. ताळेबंद हे कंपनीच्या स्थितीचे खरे व यथायोग्य चित्र असले पाहिजे, हा शब्दप्रयोग त्याच कायद्यातून जगभर पसरला. बँकांना मात्र तेव्हाही सूट राहिली.

हिंदुस्थानात १८५० पासून कंपनी कायदे झाले आणि १९१३ च्या कायद्याने इंग्लंडचाच कित्ता गिरवला. पण इथे मॅनेजिंग एजंट नावाची संस्था होती. मुंबईच्या अनेक गिरण्यांत एजंटांना मोबदला मिळे तो उत्पादित मालाच्या दर पौंडामागे पाव आणा या दराने. गिरणीला फायदा होवो वा खोट येवो, पाव आण्याला धक्का लागत नसे. असा एजंट ज्या ताळेबंदावर सही करी, त्यातला नफा ही उरलेली रक्कम होती; एजंटाच्या वाट्याला आलेले आधीच खर्चात लिहिलेले असे. भाभा समितीच्या अहवालानंतर १९५६ चा कंपनी कायदा आला, ताळेबंदाला ठरावीक नमुना मिळाला आणि एजन्सीची पद्धत १९७० मध्ये संपली. त्याच १९५६ साली दालमिया-जैन गटातील नऊ कंपन्यांची चौकशी करण्यासाठी मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती तेंडुलकर यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमावा लागला. तेंडुलकरांच्या निधनानंतर न्यायमूर्ती विवियन बोस यांनी ते काम १९६२ मध्ये पुरे केले. मुंबईची सर शापुरजी ब्रोचा मिल त्या नऊ कंपन्यांत होती. भागधारकांच्या हाती पडणाऱ्या छापील कागदांतून जे उमगले नाही ते शोधून काढायला न्यायिक आयोगाला सहा वर्षे लागली, ही गोष्ट पुढील हकिगत वाचताना ध्यानात ठेवावी. कारण नेमक्या त्याच वर्षांत कामगारांना सांगण्यात येत होते, की तपासलेल्या ताळेबंदावर अविश्वास दाखवू नका.

मुंबईच्या गिरणी कामगाराची ताळेबंदाशी पहिली मोठी गाठ पडली ती १९२४ मध्ये. युद्धकाळातल्या भरमसाट नफ्यातून १९१७ पासून दिला जाणारा बोनस मालकांनी १९२३ सालापुरता नाकारला, आणि दीड लाखांहून अधिक कामगार संपावर गेले. मुख्य न्यायाधीश मॅक्लिऑड यांच्या समितीने निर्णय दिला तो असा, की बोनसवर कामगारांचा कायदेशीर हक्क नाही आणि त्या वर्षीची गिरण्यांची आर्थिक स्थितीही तो द्यावा अशी नव्हती. दोन महिन्यांच्या उपासमारीनंतर संप मोडला. बोनस बक्षिशी की हक्क, हा वाद पुढे पंचवीस वर्षे चालला आणि १९५० मध्ये श्रम अपील लवादाने मुंबईच्या गिरणीमालक संघाच्या प्रकरणात एक सूत्र ठरवून दिले. एकूण नफ्यातून आधी घसारा, यंत्रांच्या पुनर्स्थापनेची तरतूद, आयकर, भरणा झालेल्या भांडवलावर सहा टक्के आणि खेळते भांडवल म्हणून वापरलेल्या राखीव निधीवर त्याहून कमी दराने परतावा वजा करायचा. मग काही उरले तर त्यात कामगारांचा वाटा.

हे सूत्र वरवर पाहता हिशेबाचे कोष्टक आहे. पण त्यातली प्रत्येक वजावट म्हणजे बोनसच्या रकमेला लावलेली कात्री. पुनर्स्थापनेच्या खर्चाचा अंदाज फुगवा, बोनस आटतो. राखीव निधी खेळत्या भांडवलात गुंतला आहे असे एका ओळीत लिहा, त्यावरचा परतावा वजा होतो आणि बोनस आणखी आटतो. तो निधी खरोखर धंद्यात वापरला की नाही हे ताळेबंदातली ओळ सांगत नाही. ती ओळ कंपनीच्याच कचेरीत लिहिली जाते. भागधारकाला तिच्याशी भांडण्याचे काही कारण नसते, कारण वजावट वाढली की त्याचाच वाटा वाढतो. तपासनिसाची नेमणूक भागधारकांची सभा करते. म्हणजे या एका ओळीवर जिची भाकरी अवलंबून आहे अशी बाजू एकच, ती कामगारांची, आणि ताळेबंद तयार होताना तीच नेमकी खोलीबाहेर असते.

सर्वोच्च न्यायालयाने ही गोष्ट ओळखली, आणि ती ओळखायला निमित्त झाले जळगावचे. खानदेश स्पिनिंग अँड वीव्हिंग मिल विरुद्ध राष्ट्रीय गिरणी कामगार संघ, जळगाव, या १९६० च्या निकालात न्यायमूर्ती सुब्बा राव यांनी स्पष्ट केले, की राखीव निधी खेळते भांडवल म्हणून वापरला हे केवळ ताळेबंदात तशी नोंद आहे म्हणून सिद्ध होत नाही. मालकाने ते शपथपत्राने वा अन्य पुराव्याने सिद्ध करावे आणि कामगारांना त्या पुराव्याची उलटतपासणी घेण्याची संधी मिळावी. ताळेबंद कंपनीचेच अधिकारी तयार करतात, तेव्हा इतके ज्यावर अवलंबून आहे त्या बाबीचा चोख पुरावा मागणे हेच न्यायाचे, असा त्या निकालाचा आशय होता. त्याच वर्षी पेटलादच्या रंगकारखान्याच्या प्रकरणात न्यायालयाने हेच तत्त्व पुन्हा सांगितले. १८४४ पासूनच्या इतिहासात हा एक अपूर्व क्षण होता. कंपनीचा हिशेबनीस साक्षीच्या पिंजऱ्यात उभा राहील आणि कामगारांचा वकील त्याला विचारील, हा निधी कुठे आहे, कोणत्या मालात गुंतला आहे, वही दाखवा. वर्षातून एकदा सर्वसाधारण सभेत पाच मिनिटे प्रश्न विचारणाऱ्या भागधारकालाही इतका अधिकार कधी नव्हता.

हा अधिकार टिकला तो १९६५ पर्यंत. बोनस आयोगाच्या शिफारशींनंतर आधी अध्यादेश आणि मग बोनस कायदा आला. त्याने कामगारांना किमान चार टक्के बोनसची हमी दिली, आणि ही हमी मोठीच होती हे नाकारण्याचे कारण नाही. तोट्यातल्या कंपनीतही बोनस मिळू लागला. पण त्याच कायद्याच्या २३ व्या कलमाने सिद्धतेचा भार मालकाच्या खांद्यावरून उतरवला. हिशेब चुकीचे आहेत असे लवादाचे समाधान झाले तर तो पुढील उपाय योजू शकतो, ही पुस्ती त्यात आहे. पण वह्या मालकाच्या कपाटात, आणि त्या चुकीच्या आहेत हे दाखवायचे कपाटाबाहेरच्याने. किमान बोनसच्या आनंदात या कलमाकडे कामगार चळवळीचे जेवढे लक्ष जायला हवे होते तेवढे गेले नाही असेच म्हणावे लागते. किमानाच्या वर जे मागायचे, ते सिद्ध करण्याचे हत्यार हातचे गेले होते.

बँक कर्मचाऱ्यांची कथा तर आणखी बोलकी आहे. १९६० मध्ये बँकांतील वेतनाचा तंटा राष्ट्रीय औद्योगिक लवादाकडे गेला. पगार वाढवण्याची ऐपत नाही असे बँका म्हणत होत्या. कर्मचारी संघटनांनी सरळ मागणी केली, की ऐपत ठरवायची तर गुप्त राखीव निधी आणि बुडीत कर्जांसाठी केलेल्या तरतुदी दाखवा. मागणी बिनतोड होती. उत्तर लवादाकडून नव्हे, संसदेकडून आले. त्याच वर्षी बँकिंग कंपन्यांच्या कायद्यात ३४-अ हे कलम घालण्यात आले. गुप्त निधीची माहिती द्यायला कोणत्याही लवादाला बँकेवर सक्ती करता येणार नाही. किती रक्कम हिशेबात धरायची ते रिझर्व्ह बँक प्रमाणपत्राने सांगेल आणि तो शब्द अखेरचा. कर्मचारी संघटनेने या कलमाला दिलेले आव्हान सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्ये फेटाळले. बँकांवरचा ठेवीदारांचा विश्वास डळमळू नये हे त्यामागचे कारण सांगण्यात आले, आणि ते अगदीच पोकळ होते असे नाही. अफवेने बँक बसते हे खरेच. पण ज्या गुप्त निधीचा दुरुपयोग किलसँटच्या खटल्यात उघड झाला होता आणि ज्यावर इंग्लंडने इतर कंपन्यांपुरता आळा घातला होता, त्याला इथे पगारवाढीच्या मागणीविरुद्ध ढाल म्हणून कायद्याचे कवच मिळाले. पुढे १९६५ च्या बोनस कायद्यातही बँकांच्या तपासलेल्या हिशेबांच्या अचूकतेविषयी संघटनेला प्रश्न उपस्थित करू देऊ नये असे स्वतंत्र कलम होतेच.

तपासनीस हा तज्ज्ञ असतो, तो व्यवसायाच्या शिस्तीने बांधलेला असतो, त्याच्या सहीवर विश्वास ठेवायचा नाही तर कशावर ठेवायचा, असा मालकवर्गाचा युक्तिवाद असतो. बहुसंख्य तपासनीस प्रामाणिक असतात हे मान्य करूनही त्याला सत्यमच्या प्रकरणाने उत्तर मिळाले आहे. ७ जानेवारी २००९ रोजी सत्यम कॉम्प्युटर्सच्या अध्यक्षाने पत्र लिहून स्वतःच कबूल केले, की ताळेबंदात रोख व बँक शिल्लक म्हणून दाखवलेल्या ५,३६१ कोटी रुपयांपैकी ५,०४० कोटी अस्तित्वातच नाहीत. बँकेतली शिल्लक ही तपासणीतली सर्वांत साधी बाब. बँकेला विचारले की उत्तर मिळते. जगातील नामवंत संस्थेच्या नावाने काम करणाऱ्या तपासनिसांची त्या हिशेबांवर वर्षानुवर्षे सही होती. कबुलीजबाब आला नसता तर आणखी किती वर्षे ते आकडे लवादापुढे 'अचूक' म्हणून गृहीत धरले गेले असते, याचा विचार ४७ व्या कलमाच्या समर्थकांनी करावा.

अर्थात खोटा ताळेबंद हा अपवाद म्हणून सोडून देता येईल. खरी गोष्ट ही, की कायद्याला धरून लिहिलेला, प्रत्येक आकडा बरोबर असलेला ताळेबंदही कामगाराला रस्त्यावर आणू शकतो. गिरणगावात तेच घडले. १९८२ च्या संपानंतर एकेक गिरणी 'आजारी' ठरू लागली. आजारी कोण, हे १९८५ च्या कायद्याने ठरवले होते: ज्या कंपनीचा साचलेला तोटा तिच्या निव्वळ मूल्याइतका किंवा त्याहून जास्त झाला ती. निव्वळ मूल्य म्हणजे भरणा झालेले भांडवल आणि मुक्त राखीव निधी. आता गिरणीची जमीन ताळेबंदात कोणत्या किमतीला असते? खरेदीच्या किमतीला. लालबाग, परळ, वरळीची जमीन काही गिरण्यांनी शंभर वर्षांपूर्वी घेतलेली, तेव्हा ती त्याच आकड्याला पुस्तकात पडून होती. कोणी म्हणेल, जमिनीचे पुनर्मूल्यांकन करा म्हणजे झाले. पण पुनर्मूल्यांकनातून निर्माण झालेला निधी निव्वळ मूल्यात धरायचा नाही, असे त्याच कायद्याच्या व्याख्येत स्पष्ट लिहिले होते, आणि २०१३ च्या कंपनी कायद्याच्या व्याख्येतही ते आहे. या नियमामागे एक शहाणपण आहे. चढ्या बाजारभावाने मालमत्ता फुगवून कंपनीची खोटी श्रीमंती दाखवू नये, म्हणून तो केलेला आहे. भागधारकाच्या व धनकोच्या दृष्टीने तो योग्यच. पण हाच नियम उलट्या दिशेने लावला, की कोट्यवधींच्या जमिनीवर उभी असलेली गिरणी कागदावर कंगाल दिसते.

कागदावर कंगाल म्हणजे औद्योगिक व वित्तीय पुनर्रचना मंडळाकडे अर्ज. अर्ज म्हणजे पुनर्वसनाची योजना. योजना म्हणजे कामगारांनी देण्यांवर पाणी सोडायचे, स्वेच्छानिवृत्ती घ्यायची आणि जमीन विकून धंदा 'सावरायचा'. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ क्रमांकाच्या नियमाने गिरण्यांच्या जमिनीची वाट मोकळी केली. एक हिस्सा महापालिकेच्या मोकळ्या जागांसाठी, एक घरबांधणीसाठी आणि एक मालकाला, असा त्याचा मूळ आराखडा होता. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी फक्त मोकळ्या भूखंडापुरती उरली आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दुरुस्ती उचलून धरली. राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या बहुतेक उपकंपन्या मंडळापुढे आजारी म्हणून नोंदलेल्या होत्या. त्या महामंडळाने २००५ मध्ये मुंबईतल्या पाच गिरण्यांच्या जमिनी विकल्या तेव्हा दोन हजार कोटींहून अधिक रुपये आले. लोअर परळच्या मुंबई टेक्स्टाइल मिलचे ७०२ कोटी, दादरच्या कोहिनूर क्रमांक ३ चे ४२१ कोटी; आणि कोहिनूरची ही जागा जेमतेम पाच एकरांची. ज्या ताळेबंदांच्या आधारे हजारो कामगारांना गिरणी मेली म्हणून सांगितले गेले, त्यांत एकही आकडा खोटा असण्याची गरज नव्हती.

भागधारक आणि नागरिक यांच्याही बाबतीत हे दार मागे ढकलले जाते, हे निवडणूक रोख्यांनी दाखवून दिले. कंपन्यांनी राजकीय पक्षांना देणग्या देण्यावर १९६९ मध्ये बंदी आली, १९८५ मध्ये ती उठली, पण देणगीला नफ्याशी बांधलेली मर्यादा आणि नफातोटा पत्रकात पक्षाचे नाव देण्याचे बंधन राहिले. २०१७ च्या वित्त कायद्याने दोन्ही काढून टाकली. तोट्यातली कंपनी वाटेल तेवढे पैसे द्यायला मोकळी झाली आणि कोणाला दिले हे तिच्या भागधारकालाही कळेनासे झाले. १५ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही योजना घटनाबाह्य ठरवली तोवर १६ हजार कोटींहून अधिक रुपयांचे रोखे विकले गेले होते.

कामगारांनी कंपनीचे हिशेब तपासणे ही काही अव्यवहार्य कल्पना नव्हे. फ्रान्समध्ये युद्धानंतर कारखान्या-कारखान्यांतून कामगार प्रतिनिधींच्या समित्या झाल्या, आणि १९४६ च्या कायद्याने समितीला स्वतःच्या पसंतीचा हिशेबतज्ज्ञ नेमून कंपनीच्या वह्या तपासून घेण्याचा अधिकार मिळाला. तज्ज्ञाचे मानधन कंपनीने द्यायचे. त्यामुळे फ्रेंच भांडवलशाही कोसळली नाही. आपल्याकडेही १९७८ मध्ये सच्चर समितीने कंपन्यांनी भागधारकांखेरीज समाजालाही आपल्या कारभाराचा अहवाल द्यावा असे सुचवले होते. आणि १९८२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तीन विरुद्ध दोन अशा बहुमताने सांगितले, की कंपनी गुंडाळण्याच्या अर्जावर कामगारांचे म्हणणे ऐकून घेतलेच पाहिजे, कारण कंपनी ही केवळ भागधारकांची मालमत्ता नव्हे. मात्र २०१३ च्या कायद्याने गैरकारभाराविरुद्ध सामूहिक दाव्याचा अधिकार दिला तो भागधारकांना आणि ठेवीदारांना. कामगारांचे नाव त्या कलमात नाही.

४७ व्या कलमाऐवजी जळगावच्या निकालातले तत्त्व कायद्यात परत आणणे, ही मागणी कामगार संघटनांनी संहितांविरुद्धच्या लढ्यात स्पष्टपणे मांडली पाहिजे. वजावटीची कोणतीही बाब संघटनेने आव्हानित केली की ती सिद्ध करण्याचा भार कंपनीवर असावा, आणि तपासणीसाठी संघटनेला तज्ज्ञ नेमता यावा. ते होईपर्यंत आहे त्या कायद्यात जेवढे मिळते तेवढे तरी घेतले पाहिजे. कंपनी कायद्याच्या ३९९ व्या कलमानुसार निबंधकाकडील कागदपत्रे शुल्क भरून कोणालाही पाहता येतात. त्याला भागधारक असावे लागत नाही. वाटाघाटीला बसण्यापूर्वी किमान पाच वर्षांचे ताळेबंद मिळवावेत आणि पुढच्या आकड्यांपेक्षा मागच्या टिपा आधी वाचाव्यात. संचालकांच्या नातेवाइकांच्या व भगिनी कंपन्यांशी झालेले व्यवहार तिथे असतात. भाडे, सल्ला शुल्क, नाममुद्रेच्या वापराचा मोबदला या नावांनी नफा कुठे सरकला ते तिथेच दिसते. कंत्राटी कामगारांवरचा खर्च 'कर्मचारी खर्चा'त शोधू नये. तो बहुधा 'इतर खर्च' या सदरात कंत्राटदाराचे देणे म्हणून लपलेला असतो, आणि म्हणून कर्मचाऱ्यांच्या मध्यम पगाराशी संचालकाच्या पगाराचे जे गुणोत्तर नोंदलेल्या कंपन्यांना छापावे लागते त्यात कंत्राटी कामगार सहसा मोजलेलाच नसतो. सेबीने पहिल्या एक हजार नोंदलेल्या कंपन्यांना २०२२-२३ पासून सक्तीच्या केलेल्या अहवालात मात्र कायम आणि बिगरकायम कामगारांची संख्या वेगळी द्यावी लागते. हे दोन कागद शेजारी ठेवून मग ४७ व्या कलमाखाली लेखी खुलासा मागावा, बाबीचे नाव, वर्ष आणि टिपेचा क्रमांक घालून. लवादाने तो अनावश्यक ठरवला तर त्याची कारणे आदेशात नोंदवून मागावीत. वरच्या न्यायालयात जायचे झाल्यास तोच कागद लागेल.